बंद कोळसा खाण: ग्रामसभेत नेमकं काय मांडायचं?

प्रश्न: आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात आहे, शिवाराला लागूनच ओपनकास्ट (उघडी खोदलेली) कोळसा खाण होती, ती बरीच वर्षं बंद आहे. खड्ड्यात पाणी भरलंय, पावसाळ्यात ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगाची माती वाहून शेतात येते. कंपनी म्हणते झाडं लावून देतो, गावातली पोरं म्हणतात मासेमारीचा ठेका काढू, आणि ज्यांची जमीन गेली ते म्हणतात जमीनच परत द्या. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, ग्रामसभेत काय मांडू?
– एक वाचक

उत्तर: ताई, झाडं आणि मासे नंतर, आधी खाण नेमकी कधी बंद झाली ते कागदावर मिळवा. कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये प्रत्येक खाणीला क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करताना जागा कशी सावरायची याचा आराखडा, सक्तीचा केला आणि त्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरायचे असं ठरलं, तेव्हाच्या दराने ओपनकास्टला हेक्टरी 6 लाख, भूमिगतला 1 लाख. हे खातं कोळसा नियंत्रक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली असतं, कंपनीला वाटेल तेव्हा त्यातून काढता येत नाही. त्याआधी बंद पडलेल्या खाणी यातून सुटल्या होत्या, त्यांच्यासाठी 2022 मध्ये वेगळ्या गाइडलाइन्स आल्या. म्हणजे पैसा कुठून येणार हे बंद झाल्याच्या सालावर ठरतं, आणि ते माहीत नसताना कंपनीच्या साहेबांशी बोलायला बसलात तर ते सांगतील तेच ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून पहिला ठराव माहिती अधिकाराचा करा. क्लोजर प्लॅनची प्रत, एस्क्रोत किती जमा आणि किती काढले, आणि पर्यावरण मंजुरीतल्या अटींचे सहामाही अहवाल, हे तीन मागा. वरची काळी माती वेगळी साठवायची होती, ती आता कुठे आहे, हेही विचारा, हे कुणी विचारतच नाही!

आता कामाचा क्रम. आधी ढिगाचा उतार कमी करून टप्पे पाडायचे, पायथ्याला चर आणि दगडी बांध घालायचा, मग गवत, आणि झाडं त्यानंतर. उभ्या उतारावर रोपं लावली की पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत घळी पडतात आणि रोपं मुळासकट खाली येतात, फोटोपुरती हिरवळ राहते. ढिगात कोळशाचा चुरा राहिला असेल तर तो आपोआप पेटतो, पहाटे भेगांतून धूर दिसतो, तिथे जाड माती दाबून हवा बंद केल्याशिवाय काही जगणार नाही. आणि नुसतं सुबाभूळ-निलगिरी लावून हेक्टर मोजू देऊ नका, करंज, शिसम, बांबू, सीताफळ मागा. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि मुळांना लागणारे जिवाणू-बुरशी वापरून झाडं जगवली आहेत, त्यामुळे खाणीच्या मातीत काही येतच नाही हे उत्तर ऐकून घेऊ नका.

जमिनीचं मात्र स्पष्ट सांगते, आशा लावून ठेवणं बरं नाही. कोळसा क्षेत्र अधिग्रहण कायदा 1957 खाली घेतलेली जमीन खाण बंद झाली म्हणून आपोआप मूळ मालकाच्या नावावर येत नाही. म्हणून कोणता गट कोणत्या कायद्याने गेला, किती वनजमीन होती, किती गावठाण-गायरान, याची तलाठ्याकडून यादी करा, आणि त्या जमिनीचा पुढचा वापर काय हवा, चराई, जळण की पाणी, ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून प्लॅनमध्ये घ्यायला लावा. जमीन गेलेल्यांना तिथल्या कामात आधी रोजगार हीसुद्धा लेखी मागणी करा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित गावांसाठी असलेला, निधी पिण्याच्या पाण्यासाठी जरूर मागा, पण ढिगाच्या कामाला तो लावू देऊ नका, ती कंपनीची जबाबदारी आहे आणि गावाच्या वाट्याचा पैसा त्यात जाणं मला अजिबात पटत नाही.

मासेमारीचा ठेका सध्या थांबवा. खाण चालू असताना पंप पाणी उपसतात म्हणून आसपासच्या विहिरी खाली जातात, बंद झाल्यावर पाणी परत चढतं, पण ते कसं आहे हे डोळ्यांनी कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून खड्ड्याचं आणि जवळच्या दोन-तीन विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा, सामू (पीएच), सल्फेट, लोह, मँगनीज एवढं तरी पाहा. कडेला कुंपण नसेल तर त्याचं पत्र आजच खाण सुरक्षा महासंचालनालयाला टाका, त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहू नका, कारण पोरं तिथे पोहायला जातातच आणि त्या खड्ड्याला काठ नसतो, पहिल्याच पावलाला खोल पाणी असतं.