मास्करेड आणि मस्करी

प्रश्न असा आहे : राउटरवरच्या नियमांचे मराठी टिपण करताना एसनॅट आणि मास्करेड (बाहेर जाणाऱ्या माहितीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलण्याचे लिनक्समधले दोन प्रकार) या दोन्हींपुढे 'पत्त्याचे भाषांतर' असे लिहिले तर चालेल का?

नाही चालणार. 'पत्त्याचे भाषांतर' कानावर पडले की माझे डोके उठते. भाषांतरात भाषा बदलते आणि अर्थ टिकतो. इथे भाषा आहेच कुठे? राउटरच्या आतल्या जाळ्यातल्या यंत्राचे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, १९२.१६८.१.५ असा उगम पत्ता (पाठवणाऱ्याचा पत्ता) घेऊन निघते. राउटर तो पुसून आपला बाहेरचा पत्ता घालतो, समजा २०३.०.११३.७. ही जोडी पोर्टसह (यंत्रावरच्या संवादाच्या क्रमांकासह) तक्त्यात टिपून ठेवतो आणि उत्तर आले की पुसलेला पत्ता परत घालून ते आत पोचवतो. १९९४ च्या मे महिन्यातल्या आरएफसी १६३१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या शीर्षकातच 'ट्रान्सलेटर' आहे, पण त्या शब्दाचे लॅटिन मूळ 'पलीकडे नेणे' एवढेच सांगते. भूमितीत त्याच ट्रान्सलेशनला आपण स्थानांतरण म्हणतो, तिथे कोणी भाषांतर घुसडत नाही. सरळ 'पत्ताबदल' लिहा.

मास्करेड मात्र थांबून पाहण्यासारखा शब्द आहे. अरबीत 'मसखरा' म्हणजे ज्याला लोक हसतात तो, विदूषक, सोंगाड्या. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि त्याची 'मस्करी' झाली. हाच शब्द सिसिली आणि स्पेनमधल्या अरबांकडून युरोपात गेला, त्याचे इटालियन 'मास्केरा' म्हणजे मुखवटा झाले आणि पुढे फ्रेंचवाटे इंग्रजीत मास्क आणि मास्करेड आले, असे माझे ठाम मत आहे. काही कोशकार मुखवट्याचे मूळ 'मास्का' या मध्ययुगीन लॅटिन शब्दात शोधतात. त्याचा अर्थ चेटकीण. मग 'मास्केरा'तला र कुठून आला, ते त्यांनी सांगावे. अरबी शब्दात तो आयता आहे.

आपल्याकडचे काही संस्कृताभिमानी 'मस्करी'ला पाणिनीपर्यंत नेतात, ते तर अजिबात पटत नाही. 'मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः' या सूत्रातला मस्करी म्हणजे परिव्राजक, संन्यासी. पतंजली त्याच्या तोंडी 'कर्मे करू नका, शांतीच श्रेयस्कर' असा उपदेश घालतो. या माणसाचा थट्टेशी काय संबंध? उच्चार जुळला म्हणून नाते जुळत नाही. हिंदीतल्या 'मसखरी'ने तर मूळचा ख अजून जपला आहे.

म्हणून मास्करेडला मराठीत 'सोंग' म्हणावे. पॅकेट राउटरचे सोंग घेऊन बाहेर पडते आणि समोरच्या सर्व्हरला राउटरच बोलतो आहे असे वाटते. 'छद्मवेश'मध्ये कपटाचा वास आहे, तो इथे नको.

आता टिपणाचे. एसनॅटच्या नियमात बाहेरचा पत्ता तुम्ही स्वतः लिहून देता, म्हणून तिथे 'ठरीव उगमबदल' लिहा. मास्करेडमध्ये पत्ता लिहायचा नसतो. पॅकेट राउटरच्या ज्या इंटरफेसमधून (नेटवर्कच्या जोडणीच्या दारातून) बाहेर पडते, त्याचा त्या घडीचा पत्ता लिनक्स, म्हणजे राउटर चालवणारी संगणकप्रणाली, आपणहून उचलतो. जोडणी तुटून नवा पत्ता मिळाला की सोंगही नवे. पत्ता कायमचा असेल तर एसनॅट, दर वेळी बदलत असेल तर मास्करेड. दोघांपुढे एकच शब्द लिहिलात तर नेमका हा फरक टिपणातून गळेल.