नॅक 'झालं' की नॅक 'गावला'?

कुडाळच्या एका ताईंनी विचारलंय की लेकीच्या ॲडमिशनसाठी फिरताना एका कॉलेजच्या गेटवर 'शासनमान्य, विद्यापीठ संलग्न, नॅक मानांकित' असा बोर्ड दिसला, तर हे तिन्ही एकच का, आणि ॲक्रेडिटेशनला मराठीत सरळ 'मान्यता' म्हटलं तर चालेल का.

ताई, एकच नाहीत, आणि 'मान्यता' नको. म्हणजे बोलताना सगळेच म्हणतात, मीही म्हटलंय, पण त्यात तीन गोष्टींची खिचडी होते. मान्यता म्हणजे परवानगी, कॉलेज काढायला सरकारची आणि इंजिनिअरिंग वगैरे असेल तर एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ती नसेल तर मुळात शटरच उघडता येत नाही. संलग्नता म्हणजे परीक्षा कोणाची नि डिग्रीवर नाव कोणाचं, आपल्याकडे बीए-बीकॉमला मुंबई विद्यापीठ, काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची. ऑफिसातली माणसं त्याला संलग्नीकरण म्हणतात. आणि कॉलेज चालू झाल्यावर बाहेरची माणसं येऊन तपासतात की इथे शिकवतात कसं, लायब्ररी-लॅब वापरात आहेत की कुलुपात, मुलं पुढे काय करतात, ते ॲक्रेडिटेशन, आणि ते देणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे नॅक.

त्याला कागदोपत्री मराठी शब्द आहे अधिस्वीकृती, पत्रकारांच्या अधिस्वीकृती कार्डामुळे तसा ओळखीचा. हिंदीवाले प्रत्यायन म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अर्थाने तोच जास्त नेमका, कारण प्रत्यय म्हणजे खात्री, प्रत्यायन म्हणजे खात्री पटवणं, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं 'विश्वास ठेवणं'च आहे. पण आपल्याला प्रत्यय म्हटलं की शाळेतले स-ला-ते स-ला-ना-ते आठवतात, त्यामुळे तो काही इथे रुजेल असं वाटत नाही.

राहिलं 'मानांकन'. पेपरवाल्यांचा लाडका शब्द, मला मात्र खुपतो, कारण त्याच्यावर आधीच दोन कामं आहेत. टेनिसमध्ये अग्रमानांकित म्हणजे क्रमवारी. आणि आपल्या हापूसला 2018 साली मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे कुठला त्याची खूण, आत साका म्हणजे खराब गर निघाला तरी हापूस तो हापूसच. नॅक यातलं काहीच करत नाही, ते कॉलेजांचे नंबर लावत नाही.

आता बोलीकडे या, खरी मजा तिथे आहे. मी तळकोकणातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात होतो तेव्हा नॅकची पिअर टीम, म्हणजे तपासायला येणारी मंडळी, यायच्या आदल्या रात्री आम्ही अकरापर्यंत फाइलींच्या पाठीला लेबलं चिकटवत बसलेलो, बाहेर जांभ्याच्या पायऱ्या घासून घासून लाल केल्या होत्या, टीम दोन दिवस राहून गेली आणि सर लोक म्हणायला लागले 'झालं एकदाचं नॅक'. आमचे शिपाईकाका शांतपणे म्हणाले, "नॅक झाला, पण गावला काय?" गावणं म्हणजे मिळणं, हे तुम्हाला सांगायला नको, आणि मालवणीत नपुंसकलिंगाला 'गावला'च होतं. काकांनी जो फरक केला तोच त्या संस्थेच्या नावात आहे बघा, राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, 1994 ची, बंगळुरूची. मूल्यांकन झालं, अधिस्वीकृती गावली. दोन्ही एकदम होतातच असं नाही, कारण ग्रेडच्या पद्धतीत सात निकषांवरून 4 पैकी जो आकडा निघतो तो दीडच्या वर गेला नाही तर ग्रेड डी, आणि डी म्हणजे अधिस्वीकृती नाही. म्हणजे नॅक झाला, गावला नाय.

2024 च्या जानेवारीत या ए-बी ग्रेडी काढून आधी नुसतं अधिस्वीकृत आहे की नाही एवढंच सांगायचं आणि पातळ्या नंतर वेगळ्या द्यायच्या असं जाहीर झालं होतं, त्या पद्धतीत पहिल्या टप्प्याला मानांकन म्हणणं अजूनच विचित्र.

अजून एक, एनबीए, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सांना ॲक्रेडिटेशन देणारं राष्ट्रीय मंडळ. हे पण 1994 चंच, पण त्याचं ॲक्रेडिटेशन कॉलेजला नसतं, कोर्सला असतं. माझ्या भाच्याने बोर्डावर 'एनबीए मान्यताप्राप्त' वाचून कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतली आणि तिसऱ्या वर्षाला कळलं की ते फक्त मेकॅनिकलला होतं. बोर्ड खोटा नव्हता म्हणे, 'कशाला' एवढंच लिहायचं राहिलं होतं. तेव्हा ताई, ऑफिसात 'मान्यता आहे ना?' असं विचारू नका, त्याला उत्तर हो असंच येणार. कुठल्या कोर्सला, काय ग्रेड आणि कुठल्या सालापर्यंत असं विचारा, कारण नॅकचीसुद्धा साधारण पाच वर्षांची मुदत असते. आणि बोर्ड रंगवणाऱ्याला कोणी विचारलंच तर 'नॅक अधिस्वीकृत, श्रेणी अमुक, अमुक सालापर्यंत' असं लिहावं, जागा तेवढीच लागते.