मालक गेल्याचा आनंद आणि मालक गेल्याची हळहळ

प्रश्न : इंग्लंडमधील न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचा मालक क्लब विकून गेला तेव्हा चाहत्यांनी जल्लोष केला, चेल्सी या दुसऱ्या इंग्लिश क्लबच्या चाहत्यांनी मात्र जाणाऱ्या मालकाचा जयघोष केला. असे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : न्यूकॅसलचे मालक माइक ॲशली यांच्या 2007 ते 2021 या कारकिर्दीत संघ 2009 आणि 2016 अशा दोन वेळा खालच्या श्रेणीत घसरला, आणि रावेर-यावलकडे खतपाणी न घालता केवळ घड मोजणाऱ्या बागमालकाविषयी जी भावना असते, तीच तेथील चाहत्यांच्या मनात वर्षानुवर्षे साचत गेली. त्यामुळे ऑक्टोबर 2021 मध्ये सुमारे साडेतीस कोटी पौंडांना क्लब विकला गेला, तेव्हा सेंट जेम्स पार्क या क्लबच्या मैदानाबाहेर गर्दी उसळली. नवा प्रमुख भागधारक सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी होता; मानवी हक्कांविषयीचे आक्षेप त्या गर्दीत फारसे ऐकू आले नाहीत, हे नमूद करायलाच हवे.

चेल्सीत रशियन मालक रोमन अब्रामोविच यांच्या काळात प्रीमियर लीगची (इंग्लंडमधील सर्वोच्च साखळी स्पर्धा) पाच आणि चॅम्पियन्स लीगची (युरोपातील अव्वल क्लबांची स्पर्धा) दोन विजेतेपदे आली. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर त्यांनी मार्च 2022 मध्ये क्लब विक्रीस काढला आणि लवकरच ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले. दरम्यान, बर्नली येथील सामन्यापूर्वी युक्रेनसाठी टाळ्या वाजत असताना चेल्सीच्या काही चाहत्यांनी अब्रामोविच यांच्या नावाचा घोष केला, तेव्हा स्वतः चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस टुकेल यांनीच त्यांना खडसावले. ते योग्यच होते. कृतज्ञता समजण्यासारखी आहे, परंतु तो क्षण तिच्यासाठी नव्हता.