एनोएदा सेन्सेई: पट्टशिष्य, दहावे दान आणि गोहोन कुमिते

मुलाच्या कराटे क्लासमध्ये केइनोसुके एनोएदांचा फोटो आहे, सर त्यांना ‘फुनाकोशींचे (शोतोकान कराटेच्या संस्थापकांचे) पट्टशिष्य, दहावे दान (ब्लॅक बेल्टची श्रेणी)’ म्हणतात. हे खरं का, आणि त्यांच्या शिकवण्यातलं काही घरच्या सरावात आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी पाटी दुरुस्त करू. एनोएदांचा जन्म १९३५चा, क्यूशू बेटावरच्या फुकुओकातला. लहानपणी ज्युदो शिकले, कराटे सुरू झालं ते तोक्योच्या ताकुशोकू विद्यापीठात. फुनाकोशी १९५७ मध्ये वारले तेव्हा हे जेमतेम २१ वर्षांचे होते. त्यांची खरी घडण झाली ती जपान कराटे असोसिएशनमध्ये, तिथले मुख्य प्रशिक्षक नाकायामा यांच्या हाताखाली. त्यामुळे ‘पट्टशिष्य’ जरा ताणलेलंच आहे. दान म्हणाल तर नववं, तेही मरणोत्तर.

पण मान उगाच नाही. पदवीनंतर त्यांनी असोसिएशनचा केन्शुसेई हा प्रशिक्षकांचा वर्ग पूर्ण केला. तिथे स्वतः उत्तम लढणं पुरत नसे. शिकवायचं कसं, पंच म्हणून काय बघायचं, हेही अंगी बाणवावं लागे. १९६३ मध्ये त्यांनी असोसिएशनच्या अखिल जपान स्पर्धेत कुमिते (प्रतिस्पर्ध्याशी लढत) जिंकलं, अंतिम फेरीत हिरोशी शिराईंना हरवून. टोपणनाव ‘तोरा’, म्हणजे जपानीत वाघ. मराठीतल्या तोऱ्याशी त्याचा संबंध नाही! आणि शोतोकान या कराटे शैलीच्या बिल्ल्यावरचा वाघही त्यांच्यावरून आलेला नाही. तो होआन कोसुगी या चित्रकाराचा, फुनाकोशींच्या काळातला.

१९६५ मध्ये कासे, कानाझावा, शिराई आणि एनोएदा असे असोसिएशनचे चौघे प्रशिक्षक प्रात्यक्षिकांच्या दौऱ्यावर निघाले आणि एप्रिलमध्ये इंग्लंडला पोचले. पुढे शिराई मिलानला, कासे पॅरिसला स्थिरावले. कानाझावा लंडनला राहिले, पण थोडाच काळ. एनोएदांनी लिव्हरपूल धरलं. १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या शोतोकानवाल्यांची नवी संघटना उभी राहिली, तिचे ते मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेच होते. दरम्यान मुक्काम लिव्हरपूलहून लंडनला हलला. सोहो भागातल्या मार्शल स्ट्रीटचा डोजो (सरावाची जागा) आणि क्रिस्टल पॅलेसची शिबिरं ही त्यांची ओळख. माझ्या मते त्यांचं मोठेपण दानाच्या आकड्यापेक्षा या एका देशात घालवलेल्या जवळपास चार दशकांत आहे. मात्र १९७५ मध्ये ब्रिटनने जपानला मागे टाकून सांघिक विश्वविजेतेपद घेतलं त्याचं सगळं श्रेय त्यांना देऊ नका. त्या संघात इतर शैलींचेही खेळाडू होते आणि प्रशिक्षक स्टीव्ह आर्नील तर क्योकुशिन या वेगळ्या शैलीचे.

आता सराव. एनोएदांचा भर मूलभूत तंत्रावर आणि हल्ला मनापासून करण्यावर असे. घरी हे तपासायला गोहोन कुमिते पुरे, म्हणजे पाच पावलं, पाच हल्ले. हल्ला करणारा उजवा पाय मागे घेऊन गेदान-बाराईत (हात खाली झाडून अडवण्याच्या पवित्र्यात) उभा राहतो, ‘जोदान’ (चेहऱ्याच्या उंचीवर) असं मोठ्याने सांगतो आणि उजव्या पायापासून पाच ओई-झुकी (पाऊल पुढे टाकत त्याच बाजूच्या हाताचा ठोसा) मारतो. समोरचा उजव्या पायाने मागे जात डाव्या हाताने आगे-उके (हात वर उचलून अडवणं) करतो, मग आळीपाळीने. पाचव्याला अडवून झाल्यावर किआईसह (जोरदार आरोळीसह) ग्याकु-झुकी (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा ठोसा).

बिघडतं ते अंतरात. आधी संथपणे एक ओई-झुकी मारायला सांगा, समोरच्याने हलायचं नाही. मूठ हनुवटीपासून दोन बोटांवर थांबली तर अंतर बरोबर. वीतभर लांब राहिली तर पुढचं सगळं नाटक. मुलं मित्राला लागू नये म्हणून मूठ कानाशेजारून काढतात. मग अडवणाऱ्याचा हात हवेत फिरतो आणि त्याला वाटतं, जमलं. हल्ला मधोमध हवा. हवं तर वेग कमी करा, दिशा बदलू नका. लहान मुलांना आधी ‘चुदान’च (छाती-पोटाच्या उंचीवर) द्या, अडवायला सोतो-उके (बाहेरून आत हात आणून अडवणं).

अडवणाऱ्याची खोड उलटी. तो भीतीने लांब पळतो, वरून पाठ मागे कलते, आणि पाचव्याला त्याची मूठ पोचतच नाही. मूठ जेमतेम चुकेल इतकंच मागे जायचं. अडवताना कंबर तिरपी, ग्याकु-झुकीला समोर चौकोनी. त्या वळणात पुढचा गुडघा आत पडला किंवा मागची टाच उचलली की ताकद तिथेच गळते. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) पुढच्या पायावर साधारण ६० टक्के भार ठेवा.

जोडीदार नसेल तर तुम्हीच मुलाचा पट्टा त्याच्या कमरेच्या हाडांवरून पुढून घालून दोन्ही टोकं मागे धरा, हलका ताण द्या आणि ओई-झुकी मारायला सांगा. पाऊल टाकताना पट्टा लगेच ताणला गेला तर कंबर आधी निघाली. डोकं पुढे गेलं आणि पट्टा सैलच राहिला तर तो नुसता झुकतोय. दिवसाला दहा मिनिटं खूप झाली. नखं कापलेली असावीत, अंगठी-कडं काढून ठेवावं.

फोटोखाली पाटी लावायचीच असेल तर एवढी: केइनोसुके एनोएदा, १९३५–२००३, नववे दान (मरणोत्तर).