पुणे विद्यापीठाजवळ भाड्याने खोली घेताना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे, वसतिगृहाची खात्री नाही, तेव्हा खोली कुठे आणि कशी शोधावी, असे आपण विचारले आहे. मी लातूरहून येऊन याच विद्यापीठात दोन वर्षे शिकलो, त्या अनुभवावरून लिहितो.

वसतिगृहासाठी अर्ज अवश्य करावा. परंतु जागा मागणाऱ्यांच्या मानाने कमी असतात. म्हणून पहिला महिना कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन, काढावा आणि त्या काळात स्वतः हिंडून खोली पाहावी. गावी बसून केवळ छायाचित्रांवर विसंबून कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नयेत.

जाहिरातीतील ‘विद्यापीठाजवळ’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे, त्यामुळे मुख्य प्रवेशद्वारापाशी पोहोचलात तरी आपला विभाग तिथून बराच आत असू शकतो. आधी आपला विभाग पाहून घ्यावा, त्याला गणेशखिंड रस्त्यावरचे मुख्य प्रवेशद्वार सोयीचे की खडकीच्या बाजूचे, हे ठरवावे आणि मगच वस्ती निवडावी. औंध आणि बाणेर जवळ आहेत, पण हिंजवडीला नोकरी करणारेही तिथेच घरे शोधत असल्याने भाडी चढी असतात. खडकी, बोपोडी आणि मुळा नदीपलीकडील सांगवी त्या मानाने परवडतात. विद्यापीठ चौकातली सकाळची कोंडी मात्र गृहीत धरावी. नकाशावर दहा मिनिटांचे दिसणारे अंतर त्या चौकामुळे कितीतरी लांबते. खोली पाहायलाही सकाळी तासिकेच्या वेळीच जावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते कराराचे. माझ्या पहिल्या घरमालकांनी करार केला नव्हता आणि अनामत रक्कम मी रोख दिली होती, पावतीही घेतली नाही. खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली अनामतीतील निम्म्याहून अधिक रक्कम कापली गेली आणि माझ्या हाती दाखवायला एक कागदही नव्हता. ते पैसे आईने साठवलेले होते, म्हणून ती गोष्ट मला आजही सलते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, नोंदणी ऑनलाइन होते. शहरात नोंदणी शुल्क 1000 रुपये असून मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के आहे, त्यात अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के व्याजही हिशेबात धरतात. विद्यार्थ्याच्या खोलीसाठी हे मुद्रांक शुल्क काही शे रुपयांपलीकडे सहसा जात नाही. एवढ्याशा खर्चासाठी जो मालक टाळाटाळ करतो, त्याची खोली कितीही चांगली असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनामत बँकेमार्फतच द्यावी, ती कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल हे करारात लिहून घ्यावे आणि ताबा घेताना भिंती, नळ व पंखे यांची छायाचित्रे काढून मालकांना त्याच दिवशी पाठवावीत. एजंटमार्फत खोली घेतल्यास सहसा एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यावे लागते, तेही आधीच विचारून घ्यावे. उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते, हे मात्र मालकांना न विचारता त्याच इमारतीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारावे.