रूट कॅनाल झालंय, दाढ आता दुखत नाही. तरी कॅप बसवायलाच हवी का?

दाढ असेल तर बसवाच, आणि लांबणीवर टाकू नका. दुखत नाही कारण आतली नस काढली आहे; दाढ मजबूत झाली म्हणून नाही. कीड आणि रूट कॅनाल यांत दाढ मधून पोखरली जाते, उरतात त्या पातळ भिंती. चावताना दाब आला की त्या बाहेर फाकतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी कॅप त्यांना चारही बाजूंनी आवळून धरते.

माझ्या आईने सांगलीत रूट कॅनाल करून घेतलं. "आता कुठं दुखतंय?" म्हणत कॅप राहूनच गेली. चार महिन्यांनी भडंग खाताना शेंगदाण्यावर कट्कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. काढावीच लागली. वाचण्यासारखी होती, याचंच फार वाईट वाटतं.

कॅपसाठी दाढ वरून साधारण दीड-दोन मिलिमीटर घासतात, माप घेतात आणि लॅबमधून कॅप येईपर्यंत तात्पुरती बसवतात. तोवर त्या बाजूने चिक्की वगैरे नको. मागच्या दाढेला धातूची किंवा झिरकोनियाची (कडक, पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप चांगली टिकते. बसवल्यावर उंच लागत असेल तर तिथेच सांगा, घासून देतात.

कॅपला कीड लागत नाही, पण हिरडीजवळ तिची कड संपते तिथे आतल्या दाताला लागते. ब्रश आणि फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) तिथे रोज फिरवा. पुढचा दात असेल आणि थोडाच भाग गेला असेल, तर कधी साधं फिलिंगही पुरतं. ते डॉक्टरांना विचारा.