यंदा चांदणी लावायची की नाही

प्रिय,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप मिळाला आणि नाताळ-ईस्टर हे मूर्तिपूजकांचे सण आहेत असं सांगणारा सोबतचा व्हिडिओही. दोनदा पाहिला. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन. त्याआधीच तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे निम्मी गोष्ट मला ठाऊक होती. नाताळ हा मुळात बाबेलचा, म्हणजे प्राचीन बॅबिलोनचा सण, यंदा घरावर नाताळची कागदी चांदणी लावायची नाही, असं तू तिला फोनवर सांगितलंस तेव्हा तिने नुकत्याच माळ्यावरून चांदणीच्या कामट्या काढल्या होत्या. ती रडत नव्हती. "बाई, मी इतकी वर्षं मूर्तिपूजकांचा सण करत होते का हो?" एवढंच विचारत होती. मी म्हटलं, थांब, त्याला मी लिहिते.

आधी तुझ्या बाजूचं बोलू. येशूच्या जन्माची तारीख पवित्र शास्त्रात नाही, हे तुझं खरं. तो दिवस पाळा अशी आज्ञाही नाही. इ.स. २००च्या आसपास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट हे ख्रिस्ती लेखक लिहितात, तेव्हा लोक आपापले अंदाज बांधत होते. कुणी २० मे म्हणे, कुणी एप्रिल. त्या यादीत २५ डिसेंबर नाहीच. आर्मेनियन मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आजही जन्मोत्सव ६ जानेवारीला करते, रशियात तो ७ जानेवारीला होतो. संडे स्कूलमध्ये आम्ही तुला हे सांगायला हवं होतं. आम्ही तुम्हा पोरांना दाढी लावून मेंढपाळ केलं आणि इतिहास तेवढा राहून गेला. ती चूक आमची. पोकळी राहिली की तिथे व्हिडिओ शिरतोच.

आता निम्रोद, बाबेलचा तो जुना राजा. तो २५ डिसेंबरला जन्मला, शमिरामिस त्याची बायको, तम्मूज त्यांचा मुलगा, असं व्हिडिओतला गृहस्थ छातीठोकपणे सांगतो. पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीचा दहावा अध्याय उघड. निम्रोदाबद्दल पाच वचनं आहेत. त्यात बायको नाही, मुलगा नाही, वाढदिवस तर नाहीच. ही कथा रचून पसरवली ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधले पाळक अलेक्झांडर हिस्लॉप यांनी. त्यांचं पुस्तक १८५८ सालचं, आणि हेतू रोमन कॅथलिक उपासना बाबेलची आहे हे सिद्ध करण्याचा. पुढे राल्फ वुड्रो नावाच्या अमेरिकन प्रचारकाने त्याच आधारावर १९६६ साली स्वतःचं पुस्तक काढलं आणि ते खूप खपलं. मग कुणा इतिहासाच्या शिक्षकाने त्यांना टोकलं, म्हणून त्यांनी हिस्लॉप यांचे मूळ संदर्भ एकेक करून तपासले. ते टिकेनात. वुड्रोंनी आपलं खपतं पुस्तक बाजारातून मागे घेतलं आणि १९९७ साली त्याच मताचं खंडन करणारं दुसरं लिहिलं. एक शिक्षिका म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. स्वतःच्या वहीवर स्वतःच लाल शाई चालवायला धैर्य लागतं. तुझ्या व्हिडिओतला माणूस मात्र वुड्रोंनी टाकून दिलेला माल अजून विकतोय.

२५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा दिवस, हे प्रकरण इतकं फुसकं नाही, त्यामुळे तिथे जरा थांबू.

रोमची एक दिनदर्शिका आहे, इ.स. ३५४ची. एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी तयार केलेली. तिच्या सरकारी सणांच्या पानावर २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा जन्मदिन' लिहिलंय आणि त्यानिमित्त रथांच्या तीस शर्यती. हा अजिंक्य म्हणजे सूर्य. त्याचं मोठं मंदिर सम्राट ऑरेलियनने २७४ साली उभारलं होतं. त्याच पुस्तकात, काही पानं सोडून, हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी आहे. ती ३३६च्या सुमाराची. तिची सुरुवात होते २५ डिसेंबरने: ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही. कुणी कुणाची तारीख घेतली हे त्या पानांवरून ठरत नाही, कारण २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाचा त्याहून जुना पक्का पुरावाही नाही. आणि सॅटर्नेलिया ही रोमन जत्रा, जिचा व्हिडिओत एवढा गाजावाजा आहे, ती १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ला आटोपायची.

गंमत बघ. त्या सूर्याच्या नोंदीतला 'जन्मदिन' हा लॅटिन शब्द आहे नातालिस. त्यावरून पोर्तुगीज नाताल, आणि पोर्तुगीजांबरोबर गोवा-वसईच्या किनाऱ्याला लागून आपला नाताळ. म्हणजे तुला शब्दच टाकायचा असला तर तोही टाकावा लागेल.

दुसरा एक तर्क आहे आणि मला तो जास्त पटतो. तेर्तुल्लियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून पश्चिमेकडच्या मंडळ्या येशूच्या मरणाचा दिवस २५ मार्च धरत. पुढे अशी समजूत रूढ झाली की ज्या तारखेला तो मेला त्याच तारखेला तो मरियेच्या उदरी आला. संत ऑगस्टीनने हे लिहूनच ठेवलंय. २५ मार्चपासून नऊ महिने मोज. बोटांवर मोजलेस तरी चालेल. अभ्यासकांत यावर अजून वाद आहे आणि तो मिटवणारी मी कोण? उलट सूर्याचा सण दाबण्यासाठीच तारीख हलवली, हे स्पष्ट शब्दांत प्रथम दिसतं ते बाराव्या शतकातल्या एका सिरियन लेखकाच्या हस्तलिखिताच्या समासात, कुणा लेखनिकाच्या टिपणीत. म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी.

पण सरमिसळ झालीच नाही असंही मी म्हणणार नाही. पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या उपदेशात आपल्याच लोकांना झापतात: संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढता, आणि वरच्या पायरीवर मागे वळून उगवत्या सूर्याला वाकता! लोक वाकत होते, म्हणून तर झापलं. लिओंनी सण मात्र बंद केला नाही. वाकणं बंद करा म्हणाले. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या पायरीवरच सापडतं.

ईस्टरचं थोडक्यात. बाबेलची देवी इश्तार आणि ईस्टर यांचा संबंध कानाला ऐकू येतो तेवढाच. आठव्या शतकात बीड या इंग्रज साधूने लिहिलं की एका महिन्याला ईओस्त्रे देवीचं नाव होतं आणि सणाला महिन्याचं नाव चिकटलं. ते इंग्रजी-जर्मन नावांपुरतं. सण त्याच्या कितीतरी आधीपासून 'पास्खा' या नावाने चालू होता, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्याच पास्खाला वल्हांडण म्हटलंय. अंडी-ससे आपल्याकडे येतात ते बेकरीच्या काचेपर्यंत. झाडाचंही तसंच. नाताळच्या झाडाविरुद्ध यिर्मया संदेष्ट्याचा दाखला देतात, पण त्याच्या दहाव्या अध्यायातलं झाड तोडून, घडवून मूर्ती केलेलं आहे. सजवलेलं नाताळचं झाड जर्मन भाषकांत सोळाव्या शतकाच्या आसपास दिसू लागतं. यिर्मया त्याच्यावर कशाला चिडेल?

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये" म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही, मी मुलांना कायम मूळ विचारायला लावलं. पण मूळ सापडलं म्हणून पाण्याचा निकाल लागत नाही. आपण उपासनेला जातो त्या वाराचं नाव रविवार. रवी कोण? मंगळवारी प्रार्थनासभा. मंगळ कोण? रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणताना तू लहानपणी आमच्या मंडळीत टाळ धरायचास, तालाला पक्का होतास. तो टाळ पंढरीच्या वाटेवरून आला. टिळकांना ते माहीत नव्हतं होय? त्यांनी तो जाणूनबुजून उचलला आणि येशूपुढे वाजवला.

आणि आता तुझ्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट तुला मीच सांगते, व्हिडिओत ती नव्हती. सण न पाळणारे ख्रिस्ती लोक तुझ्या फेलोशिपने, त्या प्रार्थनागटाने, शोधून काढलेले नाहीत. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला, तेव्हा कँटरबरीत दंगल झाली होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९च्या कायद्याने २५ डिसेंबरला काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ला गेला, तरी पुढची दीड-दोनशे वर्षं तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट वळणाच्या मंडळ्यांना नाताळचं वावडंच होतं. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ला आली. आता बघ, १८१३ला मुंबईत उतरलेलं आणि १८३१ला नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन कुणाचं? मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टनच्या मिशन बोर्डाचं, त्याच प्युरिटनांच्या वारसदारांचं. तुझ्या खापरपणजोबांना बाप्तिस्मा देणारी परंपरा तुझ्याच मताची होती म्हण ना! त्यांच्याच मंडळ्यांत आज करंज्या तळल्या जातात आणि पोरं रात्रभर गाणी म्हणत घरोघर फिरतात. तेव्हा न पाळणं हा तुझा हक्क आहे. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यासाठीच आहे: एक जण एक दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. फक्त ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल दोघांनाही एकमेकांचा न्याय करू देत नाही. तू आईला जे फोनवर सुनावलंस त्याला न्याय करणंच म्हणतात.

येशू स्वतः हिवाळ्यात यरुशलेमेच्या मंदिरात, शलमोनाच्या देवडीत फिरत होता, ते योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. कोणता सण होता तेव्हा? मंदिराच्या पुनःस्थापनेचा. मोशेच्या नियमशास्त्रात तो नाही. मक्काबी या यहूदी पुढाऱ्यांनी तो जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी सुरू केला होता. माणसांनी सुरू केलेला सण म्हणून येशूने त्या दिवशी पाठ फिरवली नाही.

मग सगळंच चालतं का? नाही. आमच्या वाड्यात शेजारच्या काकू दिवाळीला फराळाचं ताट आणायच्या आणि उंबऱ्यातूनच सांगायच्या, "देवाला दाखवायच्या आधी तुमचं वेगळं काढलंय हो." वडील ताट घ्यायचे आणि नाताळात तेच ताट करंज्या-अनारशांनी भरून परत जायचं, रिकामं कधी नाही. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे कळलं की नैवेद्याआधी कुणाला वाढणं त्यांच्या घरी चालत नसे, आमच्यासाठी त्या आपला नियम वाकवत होत्या. करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय मला त्या ताटावरून समजले. बाजारातलं मांस कुठून आलं याची चौकशी न करता खा, पण मूर्तीच्या पंगतीला जाऊन बसू नको, आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्याचा विचार करून हात आखड. हजार वर्षांपूर्वी कुणी कुणाला वाकलं हे पौल विचारत नाही. आज, या पंगतीत, कोण कुणाला मानतंय, आणि शेजारी बसलेल्याच्या मनाचं काय होतंय, हे तो विचारतो.

मला स्वतःला नाताळात खुपतं ते वेगळंच. मंडळीच्या दारात डीजे, आणि सोसायटीचं कर्ज काढून घेतलेले कपडे. त्यावर व्हिडिओ कर म्हणावं त्याला.

एक जुनी हकीकत सांगते आणि पुरे करते. इ.स. १५५च्या सुमारास स्मुर्ण्याचे म्हातारे बिशप पॉलिकार्प रोमला गेले. पास्खा कोणत्या दिवशी पाळायचा यावर त्यांचं आणि रोमचे बिशप अनिकेतस यांचं पटेना. पॉलिकार्प म्हणाले, मी प्रेषित योहानाबरोबर असाच पाळला. अनिकेतस म्हणाले, माझ्या आधीच्या वडील मंडळींनी तसा पाळला. कुणी हटलं नाही. पण प्रभुभोजनाच्या वेळी अनिकेतसने मान म्हणून पाहुण्यालाच मेजापाशी उभं करून ते चालवायला दिलं. पुढे ११९०ला नव्हे रे, १९०च्या आसपास (चष्मा बदलायला झाला) बिशप व्हिक्टर याच कारणावरून आशिया प्रांतातल्या मंडळ्या तोडायला निघाले, तेव्हा बिशप इरेनियसने त्यांना हीच आठवण करून दिली.

तर तू असं कर. २३ला येतोयस ना, ये. आईशी वाद घालू नकोस, आधी तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दे, समोर बसून. मन घेत नसेल तर गाणी म्हणायला जाऊ नकोस. कुणी विचारलं तर सरळ सांग की मी हा दिवस पाळत नाही, आणि तिथेच थांब, बाबेल काढू नकोस. २५ला उपासनेला येशील की नाही ते तू ठरव. माझ्या शेजारची जागा मी धरून ठेवीन, रिकामी राहिली तर मी तिथे पिशवी ठेवीन.

आणि पुण्याहून लाल जिलेटीनचे दोन ताव आण, इथले फार पातळ निघतात. कामट्या मी तुझ्या आईकडून घेऊन आलेय, खळ करून ठेवते. तुला चिकटवायचे नसतील तर नको चिकटवूस. माझा हात हल्ली शिडीवर स्थिर राहत नाही, तेवढी शिडी धर.

तुझ्या
बाई